पहिले पिस्तूल घेताना: धातूच्या आधी पाहायच्या गोष्टी

नेमबाजी शिकू पाहणारा नागपूरचा तरुण आज पिस्तूल पहिल्यांदा बघतो ते मोबाइलवर. व्हिडिओत पोलादी फ्रेमचे सीझेड शॅडो २ असते, वजन जवळपास एक किलो तीनशे ग्रॅम. ते दोन्ही हातांत धरून कुणी धावत धावत एकामागून एक लक्ष्ये पाडत असतो. सांगणारा समजावतो की जड धातूची फ्रेम गोळीचा धक्का पचवते आणि हलकी प्लास्टिकची फ्रेम हातात उसळते. ते ऐकून आलेला मुलगा क्लबमध्ये विचारतो, “सर, मेटल फ्रेमचं कोणतं घेऊ?” त्याने ऐकलेले खोटे नाही. पण ते वेगळ्या खेळाबद्दल आणि वेगळ्या कायद्याच्या देशाबद्दल आहे. इथे पैसे आणि वर्षे वाया घालवणारे बहुतेक गैरसमज या एकाच घोटाळ्यातून निघतात.

आधी कायदा. व्हिडिओतले ते पिस्तूल ९ मिलिमीटरचे असते. भारतात ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, म्हणजे सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. परवान्यावर मिळू शकतात ती .३२ आणि .२२ बोअरची पिस्तुले. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांखाली नागपूर शहरात हा परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वयाची अट २१ वर्षे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे राहू शकतात. नामांकित खेळाडूंना याहून अधिक ठेवण्याची सवलत आहे, पण ती कामगिरीनंतर मिळते, आधी नाही. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात बंद आहे. त्यामुळे वापरलेले जुने विलायती .३२ पिस्तूलही लाखांच्या भावात जाते, आणि घेणाऱ्याला वाटते की एवढे महाग म्हणजे नेमही तसाच लागणार.

“अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मग इथे पिस्तूल सहज मिळत असेल” हेही नागपुरात ऐकू येते. अंबाझरीच्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचे आणि रॉकेटचे भाग होतात, पिस्तुले नव्हेत. सरकारी कारखान्यांचे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल परवानाधारकाला मिळू शकते, पण ते स्वसंरक्षणासाठी घडवलेले आहे. आखूड नळी, जागच्या जागी बसवलेल्या छोट्या साइट, जड ट्रिगर. रेंजवर त्यातून गोळ्या झाडता येतील, स्पर्धेची नेमबाजी त्यावर शिकता येणार नाही.

मग नवशिक्याचे स्पर्धेचे पिस्तूल कोणते? दहा मीटरचे एअर पिस्तूल. बोअर ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच. ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि बोअर ४.५ मिलिमीटरच्या आत आहे, त्याला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून साधारण अर्ध्या ग्रॅमचे शिशाचे पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. हिशेब केला तर ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या जवळ येते, मर्यादेच्या पाव भागाहून थोडी जास्त. “परवाना नाही म्हणजे खेळणे” असे म्हणणाऱ्या पालकांना मी आवर्जून सांगते: २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके जिंकली, ती दोन्ही याच प्रकारच्या पिस्तुलावर. आणि खेळणे नाही म्हणूनच ते बंद पेटीतून न्यायचे, नळीत सेफ्टी फ्लॅग ठेवायचा, घराच्या गच्चीवर कबुतरांकडे कधीही रोखायचे नाही. जवळून लागलेले पेलेट डोळा कायमचा घालवू शकते.

आता धातूचा मुद्दा. तिथे खरी गंमत आकड्यांत आहे. ९ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटर वेगाने सुटते. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर, वेग तीनशे मीटरच्या आसपास. वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे हाताला बसणाऱ्या धक्क्याचा ढोबळ अंदाज. त्या मापाने .२२ चा धक्का ९ मिलिमीटरच्या चौथ्या भागाजवळ येतो आणि एअर पिस्तुलाच्या पेलेटचा धक्का .२२ च्याही जवळपास दहाव्या भागाइतकाच उरतो. पचवायला धक्काच शिल्लक नाही, तिथे तो पचवणाऱ्या पोलादाचे पैसे कशाला मोजायचे? चांगल्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलांची फ्रेम तशीही बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी, कोणतेही घ्या, वजन एक किलोच्या आगेमागे. धातू की प्लास्टिक हा प्रश्न कारखान्यांनी तुमच्यासाठी आधीच सोडवून ठेवला आहे.

उरतो तो वजनाचा प्रश्न, आणि त्यातही “जड तेवढे स्थिर” ही समजूत अर्धीच खरी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालते. पण ते एकाच हातात, हात पूर्ण लांब करून धरायचे असते. मनगटाला आधार देणारे काहीही चालत नाही. २०१८ पासून पुरुष आणि महिला दोघांनाही ६० शॉट, ७५ मिनिटांत. या ७५ मिनिटांच्या आधी १५ मिनिटे सरावाचे शॉट. शिवाय प्रत्येक वेळी हात वर केला की शॉट सोडलाच असे होत नाही. होल्ड, म्हणजे लक्ष्यावर स्थिर धरलेला नेम, बसला नाही तर हात खाली घेऊन पुन्हा उचलावा लागतो, आणि चांगला नेमबाज हे बिनदिक्कत करतो. वाढीव तीनशे ग्रॅम पहिल्या दहा शॉटला आधार वाटतात आणि पाचव्या सिरीजला (दहा शॉटची एक सिरीज) खांद्यात उतरतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात सुरुवातीलाच वजने लावून जड केलेले पिस्तूल दिले की ती खांदा उचलायला आणि कंबर मागे झुकवायला शिकते. ती सवय मोडायला पुढे फार काळ जातो. वजन नंतर वाढवता येते, बहुतेक पिस्तुलांना त्यासाठी छोटी वजने लावायची सोय असते.

ज्या गोष्टीने गुण खरोखर जातात ती वेगळीच आहे, आणि ती समजून घ्यायला थोडे अंकगणित लागते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. पुढे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने आठ मिलिमीटरने वाढते. पेलेटची कड वर्तुळाला शिवली तरी वरचा गुण मिळतो. समजा पुढची आणि मागची साइट यांत ३२ सेंटिमीटर अंतर आहे. हात थरथरून अख्खे पिस्तूल एक मिलिमीटर बाजूला सरकले, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या, तर पेलेटही एकच मिलिमीटर सरकेल. दहाचे दहाच राहतील. पण ट्रिगर दाबताना पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर दहा मीटरवर तो फरक ३१ मिलिमीटर होतो. मध्यावर जाणारा शॉट सातमध्ये जाऊन पडतो. हाताची थरथर सगळ्यांना दिसते आणि सगळे तिच्याशी झगडतात. गुण मात्र ट्रिगरवरचे बोट खाते.

म्हणून पिस्तूल निवडताना माझा सगळा जोर ग्रिप आणि ट्रिगर या दोन जागांवर असतो. ट्रिगरचे वजन एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम हवे. स्पर्धेत ते टांगत्या वजनाने तपासले जाते आणि कमी भरले तर पिस्तूल बाद होते. पाहायचे ते हे की ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो का, पहिला टप्पा संपून दुसरा सुरू होताना बोटाला तो स्पष्ट जाणवतो का, आणि पेलेट न घालता ड्राय फायर करायची सोय आहे का. भिंतीसमोर उभे राहून केलेल्या ड्राय फायरने जेवढा नेम सुधारतो तेवढा महागड्या पेलेटने सुधारत नाही. ग्रिपचे तर पायातल्या वहाणेसारखे आहे, दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. ग्रिप लाकडाच्या असतात, लहान-मध्यम-मोठ्या मापात, उजव्या आणि डाव्या हाताच्या वेगळ्या. डोळे मिटून हात लांब करा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट आपोआप सरळ रेषेत दिसल्या तर ग्रिप तुमची. त्या एका बाजूला दिसल्या आणि मनगट वळवून सरळ कराव्या लागल्या, तर ते पिस्तूल कितीही सुंदर असो, तुमचे नाही. तासून, थोडे लाकूड भरून ग्रिप बसवून घेता येते. अनुभवी प्रशिक्षक हे हातावर बघून करून देतात.

“इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाले घेतले की प्रश्न मिटला” असेही सांगितले जाते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो, हे खरे. पण यंत्र ते यंत्रच. २०२१ मध्ये टोकियोत झालेल्या ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी त्याच प्रकारात तिने पदक घेतले. नवशिक्याने यातून एवढेच घ्यावे की आपल्या पिस्तुलाची देखभाल स्वतःला यायला हवी, आणि त्याचे सुटे भाग व दुरुस्ती आपल्या आवाक्यात कुठे मिळते हे खरेदीच्या आधी विचारायला हवे. नागपूरहून पिस्तूल दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवावे लागणार असेल तर स्पर्धेच्या हंगामात ते हातात नसण्याची शक्यता धरून चालावे.

पॅरिसमध्ये तुर्कियेच्या युसुफ दिकेचने साधा चष्मा लावून, डावा हात खिशात घालून मिश्र सांघिक रौप्य जिंकले, तेव्हापासून “काही लागत नाही, नुसता आत्मविश्वास हवा” अशी हवा पसरली. त्याच्या हातात स्पर्धेचेच पिस्तूल होते आणि त्यामागे अनेक वर्षांचा सराव. खास लेन्सची चौकट त्याने टाळली, कारण त्याला दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायची सवय होती. तुमच्या डोळ्यांना नंबर असेल तर आधी डोळे तपासा. पुढची साइट तुम्हाला काठोकाठ धारदार दिसली पाहिजे. लक्ष्य थोडे धूसर दिसले तर चालते.

.२२ कडे वळायची घाई मुलांना असतेच, कारण पंचवीस मीटरच्या स्पर्धेत आवाज आहे, वेग आहे. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकले. थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये निकाल लागला. कोल्हापूरच्या या मुलीने आशियाई स्पर्धेत भारतीय महिला नेमबाजाचे पहिले सुवर्ण आणले. या स्पर्धेच्या दुसऱ्या भागात लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि तेवढ्यात हात उचलून एक गोळी सोडायची असते. इथे ट्रिगर किमान एक किलोचा, पिस्तूल जास्तीत जास्त १४०० ग्रॅमचे, आणि थोडा धक्काही आहे, म्हणून फ्रेमचे वजन आणि ते पुढे-मागे कसे विभागले आहे याला इथे अर्थ येतो. धातूबद्दलचा तुमचा प्रश्न इथे विचारा, पण एअर पिस्तुलावर पाया पक्का झाल्यावर. तोवर .२२ चा सराव परवानाधारक क्लबच्या रेंजवर, क्लबच्या शस्त्रावर आणि देखरेखीखालीच होऊ शकतो. स्वतःच्या नावावर ते घेण्याचा रस्ता राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतल्या गुणांवरून जातो.

त्या रस्त्याला एका मराठी माणसाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. नव्या नेमबाजांसाठीची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. “राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे ओळखीच्यांचे काम” असे म्हणून घरी बसणाऱ्यांनी तिची पात्रता एकदा वाचावी. तिथे ओळख विचारत नाहीत, गुण विचारतात.

खरेदीची घाई मात्र नको. आयात केलेले स्पर्धेचे एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा, दोन-तीन वेगवेगळी हातात घेऊन पाहा, मग ठरवा. जुने घेणार असाल तर फ्रेमवरच्या ओरखड्यांकडे पाहू नका, पेलेट ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात त्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते. ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा खर्च जुन्याच्या स्वस्ताईत धरलेला नसतो. आणि नागपूरकरांसाठी खास: मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. २५ अंशांना २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर ६० अंशांना २२० च्या वर जातो. रेंजवरून परतताना भाजीला थांबलात, तरी पेटी गाडीत ठेवू नका, सोबत घ्या.