मांजराला माझा आजार ठाऊक नाही

पहाटेचे साडेपाच. मी जागी असते, पण उठलेली नसते. ज्यांना आमवात आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. डोळे उघडतात, डोकं चालू होतं. पण बोटं, मनगटं, पावलं यांना अजून कुणी निरोपच पोचवलेला नसतो. रात्रभर सांध्यांत कुणी सिमेंट ओतून ठेवावं तशी मूठ आखडलेली असते. आणि नेमका हा मुहूर्त साधून पाच किलोचा खंडू माझ्या छातीवर येऊन बसतो, नाकाला नाक लावतो आणि एकच प्रश्न विचारतो : खाणं कुठं आहे?

घरातल्या बाकी सगळ्यांना ठाऊक आहे की सकाळचा पहिला दीड तास मला काही विचारायचं नाही. खंडूला ठाऊक नाही. त्याची आई ठमी, तिलाही ठाऊक नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावरून माझा चष्मा एका पंजानं हळूहळू कडेला सरकवत, माझ्याकडे बघत बसलेली असते. उठतेस, की पाडू?

मला हा आजार असल्याचं २०११ साली कळलं. वय एकोणपन्नास. बँकेत कॅशला होते. नोटा मोजताना अंगठा दुखायला लागला तेव्हा वाटलं, इतक्या वर्षांची मोजणी भोवली. मग दोन्ही हातांच्या त्याच त्याच बोटांचे सांधे एकदम सुजले. घरोघरचे उपाय झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, मेथीचे लाडू झाले, तांब्याचं कडं झालं. शेवटी रक्त तपासलं आणि नाव कळलं : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ‘तुमच्या शरीराचा पहारेकरी चळलाय. चोर सोडून घरच्यांनाच काठ्या घालतोय.’ हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पटींनी जास्त आढळतो, हेही त्यांनीच सांगितलं. बायकांच्या वाट्याला काय काय येतं त्यात आणखी एकाची भर.

या पहारेकऱ्याला आवरण्यासाठी मला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली. मूळची ती कर्करोगावरची. १९८८ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी तिला रीतसर मान्यता मिळाली आणि आज जगभर पहिल्यांदा तीच दिली जाते. कर्करोगाच्या मानानं आमचा डोस अगदी थोडा, आणि तोही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार रविवार. इतर काही दिवशी फोलिक अ‍ॅसिड, ठरावीक महिन्यांनी यकृताची आणि रक्ताची तपासणी. पहारेकरी आवरला की चोरांनाही थोडं रान मोकळं मिळतं, म्हणून जंतुसंसर्गाला जपायचं. इतकं सांभाळलं तर माणूस बऱ्यापैकी चालतं-फिरतं राहतं. मी राहिले.

पण दुखण्याचा एक भाग गोळीनं जात नाही. घरातली माणसं फार चांगली असली की तो वाढतो. ‘आई, राहू दे, मी करते.’ ‘अगं, तू बस.’ हळूहळू माझ्या हातून पोळपाट गेला, मग भाजी चिरणं गेलं, मग पाण्याचा तांब्या भरणंसुद्धा गेलं. नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होतीच. एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून रात्रीपर्यंत या घरात माझ्यावाचून काहीही अडत नाही.

अशात २०२०चा पावसाळा आला. सगळे घरात कोंडलेले, आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोक्यांपाशी एक भिजलेली मांजर एका पिल्लाला घेऊन बसलेली. आम्ही तळमजल्यावर. मी दार उघडं ठेवलं इतकंच. तिनं पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, आमच्या उंबऱ्याच्या आत आणून ठेवलं आणि परत जाण्याचा विषयच काढला नाही.

त्यानंतरचे पराक्रम सांगायचे तर पुरवणी पुरायची नाही. खंडूनं माझी क्रेप बँडेजं उलगडून बैठकीभर पताका लावल्या. ठमी रक्ताच्या रिपोर्टांवरच झोपते, साध्या वर्तमानपत्रावर नाही. गरम पाण्याची पिशवी मी गुडघ्यावर ठेवली की दोन मिनिटांत तिचा ताबा जातो. दूध झाकून वर वरवंटा ठेवण्याची जुनी पद्धत आमच्याकडे परत आली. मात्र वरवंटा मला उचलत नाही, त्यामुळे चहासाठी ‘ह्यां’ना हाक मारावी लागते.

पण एका रविवारी हसण्याचा प्रश्न राहिला नाही. माझ्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आहे. वेष्टनातून गोळी काढायला बोटांना जड जातं म्हणून सून दर शनिवारी ती भरून ठेवते. ठमीनं फडताळावरून ती डबी खाली ढकलली. झाकणं उघडली आणि आठवड्याच्या गोळ्या फरशीभर झाल्या. खंडूला वाटलं खेळ मांडलाय. माझी मेथोट्रेक्सेट पिवळी, फोलिक अ‍ॅसिडही पिवळं, आकारही जवळपास सारखा. सुनेनं भिंग घेऊन एकेक गोळी मूळ पाकिटाशी ताडून पाहिली. मोजल्यावर मेथोट्रेक्सेटची एक कमी भरली.

घरात शांतता पसरली. माणसाची औषधं मांजराला विष ठरू शकतात. आपण ताप आला की घेतो ती साधी पॅरासिटामॉल त्यांचं यकृत पचवू शकत नाही. एका गोळीनंही मांजर दगावतं. मेथोट्रेक्सेट तर त्याहून जहाल. हे पालथे पडून विजेरीनं कपाटाखाली बघत होते, मुलगा फूटपट्टीनं फ्रिजखालचा कचरा ओढत होता, सून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावत होती आणि मी खंडूला मांडीवर घेऊन त्याचं तोंड उघडून बघत होते. पाऊण तासानं गोळी सापडली. पायपुसण्याच्या झालरीत अडकली होती. त्या दिवसापासून डबी कपाटात, कुलपात.

दुसरा प्रसंग माझ्याच चुकीचा. खाली कुत्रा भुंकला म्हणून बावरलेल्या खंडूला मी उचलायला गेले. मनगट वळेना, पकड बसेना. तो निसटायला लागला तसा मी त्याला पोटाला आवळून धरला. त्यानं चावा घेतला. बोटाच्या सांध्यापाशी दोन बारीक टिंबं, रक्ताचे दोन थेंब. मांजराचा दात सुईसारखा असतो. जखम वरून दिसते लहान, पण जंतू खोल नेऊन ठेवते. साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला, तरी संध्याकाळपर्यंत बोट वांग्यासारखं झालं. मग अँटिबायोटिक आलं. खंडूला रेबीजची लस दिलेली होती, तरी मलाही लस आली. पहिला दिवस धरून मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा. जखमेत वेगळं इम्युनोग्लोब्युलिन टोचलं, ते विशेष दुखलं. डॉक्टरांनी त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितली. पुढच्या दहा दिवसांत सगळे सांधे खवळून उठले, ते वेगळंच.

तेव्हा घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, ‘आई, आता पुरे. तुझ्या जिवापेक्षा मांजर मोठं नाही.’ वाईहून नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, पाठवून द्या माझ्याकडे. वाड्यात जागा आहे, उंदीरही आहेत.’ ह्यांनी माळ्यावरून वेताची करंडीसुद्धा काढली. कुणाचंच काही चुकत नव्हतं, त्यामुळे मला भांडताही येईना.

मी इतकंच म्हटलं, की डॉक्टरांना विचारू.

पुढच्या तपासणीला विचारलं. मला वाटलं होतं ते एका वाक्यात निकाल देतील. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, ‘मांजरांची माती कोण साफ करतं?’ मी म्हटलं, मीच. ‘ते बंद. दुसऱ्या कुणीतरी करायचं, आणि रोज करायचं.’ मग कारण सांगितलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून पडू शकतो, पण पडल्या पडल्या तो लागण करत नाही. त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज माती काढली तर धोका बराच टळतो. मांजर बाहेर उंदीर मारत नसेल, कच्चं मांस खात नसेल, तर आणखी कमी होतो. शिवाय तो न धुतलेल्या भाजीतून, अर्धवट शिजलेल्या मांसातूनही येतो. म्हणजे एकट्या मांजराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून भागणार नव्हतं.

मग यादी झाली. दोघांना घराबाहेर सोडायचं नाही. खाणं शिजवलेलंच. लशी आणि पिसवांचं औषध वेळच्या वेळी. नखं महिन्यातून दोनदा कापायची. ओरखडा निघाला तर लगेच धुवायचा, आणि बोट सुजलं तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. आणि मी मांजर उचलायचं नाही. त्याला यायचं तर तोच येईल. शेवटी ते म्हणाले, ‘एवढं पाळता येत असेल तर ठेवा. येत नसेल तर वाई चांगली.’

माती कोण काढणार, यावर घरी परतेपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो, पंचेचाळीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप न विसळलेले आमचे हे, नाकाला रुमाल बांधून मोरीशी खुरपी घेऊन उभे. ‘डॉक्टरांनी रोज म्हटलंय ना,’ इतकंच बोलले. करंडी पुन्हा माळ्यावर गेली.

माझ्या लहानपणी कीर्तनात बुवा दोन न्याय सांगायचे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तो मर्कटकिशोर न्याय. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोर न्याय. भक्तीचे हे दोन मार्ग, असं ते म्हणत. आजारपणाचेही हेच दोन असावेत. धरून ठेवायचं म्हटलं तर मूठ वळत नाही. पिल्लासारखं लोंबकळत राहिलं तर घरच्यांनी उचलून उचलून आपलं गाठोडं होतं. मला मधला मार्ग या मांजरांनी दाखवला, असं मी म्हणणार नाही. त्यांना तेवढी उसंत नसते. पण पहाटे कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी हवं असतं, आणि ते मीच द्यायचं असतं, एवढं खरं.

म्हणून साडेपाचला मी उठते. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पाय खाली. न्हाणीघरात कोमट पाण्यात हात बुडवून बोटं एकेक करून उघडते. डॉक्टर सांगतात तो व्यायाम हाच. पूर्वी मी तो सातला करायचे किंवा करायचेच नाही. मग दोन्ही हातांनी धरून डबा उघडते. शिजवलेली कोंबडी बारीक करायला पंधरा मिनिटं लागतात. ठमी पायांत घोटाळते, खंडू ओट्यावर चढून मुकादमासारखा उभा राहतो.

मांजरांमुळे माझा आमवात बरा झालेला नाही. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. गोळी आठवड्याला आहे, तपासणी आहे, पावसाळ्यात हैराण व्हायचं आहे. सून अधूनमधून म्हणते, ‘आई, त्यांचं खाणं मी करू का?’ बाकी सगळी कामं मी तिला देऊन टाकली आहेत. हे एक नाही.

आज रविवार, गोळीचा वार. कपाटाची किल्ली पदराला आहे. ठमीचं लक्ष किल्लीवर आहे.