किती जीबीचा लॅपटॉप घेऊ, भाऊ?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या अमरावती-अकोल्याकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘भाऊ, पोरीले ल्यापटॉप घ्यायचा हाय. किती जीबीचा घेऊ?’ विचारणारा कधी मोर्शीकडचा संत्रा बागायतदार असतो, कधी मूर्तिजापूरचा शिक्षक. पैसे मोजून ठेवलेले असतात, नाहीतर हप्ते बांधायचे असतात, त्यामुळे चूक झाली तर ती चार-पाच वर्षं सोसावी लागते. आणि गोंधळ त्या प्रश्नातच दडलेला आहे, कारण लॅपटॉपला दोन वेगवेगळे ‘जीबी’ असतात आणि बोलताना आपण दोघांनाही ‘मेमरी’च म्हणतो.

‘माझ्या मोबाइलमध्येच १२८ जीबी आहे, मग चाळीस-पन्नास हजारांच्या लॅपटॉपमध्ये फक्त ८ कसे?’ असं मला अनेकांनी विचारलंय, आणि त्यात शिकलेसवरलेलेही होते. मोबाइलचे १२८ म्हणजे फोटो, व्हिडिओ, ॲप साठवायची जागा. लॅपटॉपमध्ये ती जागा २५६ किंवा ५१२ जीबीची असते. ८ जीबी असते ती रॅम, म्हणजे चालू काम पसरायची जागा.

सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीत माल घेऊन गेलेल्याला हा फरक समजायला वेळ लागत नाही. गोदामात हजारो पोती राहतात, पण बोली लागते आणि मोजमाप होतं ते ओट्यावर. ओटा लहान असला की एका शेतकऱ्याचा ढीग उचलल्याशिवाय दुसऱ्याची गाडी रिकामी होत नाही. रॅम हा ओटा, एसएसडी किंवा हार्ड डिस्क हे गोदाम. ओटा भरला की विंडोज काही पोती परत गोदामात नेऊन ठेवतं आणि लागली की पुन्हा आणतं. या हमालीत जो वेळ जातो, त्यालाच आपण ‘हँग झाला’ म्हणतो.

आणखी एक फरक आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका बारीकशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली ही रचना शोधली आणि आजही तीच चालते. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की ओटा साफ. बॅटरी बसलेल्या लॅपटॉपवर प्रकल्पाचा अहवाल लिहिताना अवकाळी वाऱ्यात लाइट गेली, तर न जतन केलेली पानं जातात ती यामुळेच. गोदामातला माल मात्र जागेवर राहतो.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘लॅपटॉप हळू चालतो, म्हणजे रॅम कमी पडते.’ पडतही असेल, पण आधी मोजून बघावं. माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगतो. अकोल्याला शाळेत शिकवते. तिचा २०१९चा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून ती कुकर लावून यायची. एका दुकानात तिला सांगितलं, रॅम १६ करा. पैसे देण्याआधी तिनं मला फोन केला. मी म्हटलं, ताई, आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. नेहमीचं काम चालू ठेव, दहा पंधरा मिनिटं जाऊ दे आणि मग काय दिसतं ते वाच. तिनं वाचलं: मेमरी आठपैकी पावणेपाच जीबी, डिस्क १०० टक्के.

ओट्यावर अजून बरीच जागा होती. अडचण गोदामाची होती. त्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. फाइल हवी असली की आतला दांडा त्या जागी सरकायचा, चकती फिरून यायची, मग वाचन. विंडोजला एका वेळी शेकडो बारीक फाइली लागतात, तिथे हा दांडा थकतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. आम्ही हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवली, रॅमला हातही लावला नाही, आणि तो लॅपटॉप ती अजून वापरते. जुनी हार्ड डिस्क केसमध्ये घालून शाळेचे फोटो ठेवायला झाली. दुकानदार फसवत होता असं मी म्हणणार नाही, ‘हळू’ ऐकलं की ‘रॅम’ म्हणायची सवयच पडून गेलीय. पण तिचे पैसे चुकीच्या जागी गेले असते.

लॅपटॉप हळू होण्याचं वऱ्हाडात आणखी एक कारण आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात सापडत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बहुतेक लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीत वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी दोनला काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. लॅपटॉप रखडतो आणि बोल रॅमला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: पहाटे तेच काम झरझर होतं आणि दुपारी अडतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. भरपूर काम चालू असताना चालू वेग त्याच्याही खाली घसरला, तर तापण्याचाच संशय घ्या.

त्यात आपल्याकडे लॅपटॉप कापसाच्या गादीवर ठेवून वापरायची सवय. खालची जाळी गादीत रुतते, पंख्याला हवा मिळत नाही, उलट गादीचा भुगा तो आत ओढतो. पंखा उघडल्यावर पात्यांमागच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसलेला मी स्वतः पाहिलाय. तो काढला, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तर कित्येक लॅपटॉपांना नवीन काही घ्यावंच लागत नाही. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. कूलरची हवा थंड असते तशी दमटही असते, आणि जाळ्या नीट बसलेल्या नसल्या तर पाण्याचे तुषारही येतात. टेबल बाजूला सरकवा, खोली थंड झाली की पुरे.

आता नव्या खरेदीकडे येतो. दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘सध्या आठचा घेऊ, पुढं वाढवून टाकू.’ पूर्वी हे शहाणपणाचं होतं. आता ते मॉडेल बघूनच म्हणावं, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅमच्या चिपा थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. दुकानदार त्याला ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. तिथे पट्टी काढायची किंवा घालायची सोयच नसते. सगळे मॅकबुक असेच आहेत. रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर असलेले स्वस्त लॅपटॉपही असेच, कारण तो प्रोसेसर एलपीडीडीआर५ प्रकारच्याच रॅमवर चालतो आणि ती त्या लॅपटॉपांत बोर्डावरच जडवलेली येते. असा ८ जीबीचा घेतला, तर शेवटपर्यंत तो आठचाच.

एकाच घराण्यातल्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. सेकंडहँड बाजारात खूप दिसणारा थिंकपॅड टी४८० घ्या. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत, दोन्ही पट्ट्या बदलता येतात. त्याचाच सडपातळ भाऊ टी४८०एस: काही रॅम बोर्डावर पक्की आणि स्लॉट एकच. नावात एका अक्षराचा फरक, पण वाढवायची सोय निम्मी. दुकानात चालू मशिनवर टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान उघडायला सांगा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ असेल तर पट्टी आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सोल्डर. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘१ ऑफ २’ दिसलं तर एक स्लॉट रिकामा असायला हवा, तरी मॉडेलच्या माहितीपुस्तिकेशी ताडून घ्या. ‘अरे होते वाढवता’ या तोंडी भरवशावर पैसे देऊ नका.

‘रॅम दिवसेंदिवस स्वस्तच होते’ हाही भरवसा आता धरू नये. डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर झपाट्यानं चढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. त्यांतल्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलीला ऑनबोर्ड रॅमचा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर पहिल्याच दिवशी १६ जीबीचा घ्या. तिला अँड्रॉइड स्टुडिओ त्याच्या एम्युलेटरसकट चालवावा लागेल, कॅड लागेल, शेजारी ब्राउझरची वीस पानं उघडी असतील. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं, पण काही न उघडता नुसतं बसलं तरी तीन-चार जीबी धरून ठेवतं. घरच्या कामाला, सातबारा उताऱ्यांना, अर्ज भरायला, मराठी टायपिंगला ८ जीबी पुरतात. ३२ जीबीची गरज ज्यांना असते, त्यांना ती आपल्या कामावरून आधीच कळलेली असते.

‘आय-७ हा आय-५पेक्षा भारीच’ हा समज थोडक्यात निकाली काढतो. आय-७ ७५००यूमध्ये दोनच कोर आहेत. त्यानंतरच्या पिढीच्या आय-५ ८२५०यूमध्ये चार. आणि २०२२चा आय-३ १२१५यू सहा कोरांचा. नावानंतरचा आकडा पिढी सांगतो, तो आधी वाचा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे सातव्या पिढीचे ‘आय-७’ कमी भावात समोर येत आहेत. ते घेऊन त्यात रॅम भरणं म्हणजे पडक्या गोदामापुढे नवा ओटा बांधणं आहे.

पट्टी विकत घ्यायची ठरली, तर ती कोणत्या पिढीची ते आधी बघा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीवर अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात, खाचेची जागाही वेगळी असते. जोर लावून बसवू पाहिलं तर स्लॉट तुटतो आणि मग खर्च मदरबोर्डाचा येतो. ‘दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या हव्यात’ हे मात्र खरं नाही. वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या बहुतेकदा एकत्र नांदतात, फक्त दोन्ही मिळून हळू असलेल्या पट्टीच्या वेगानं चालतात. ८ची एक असताना दुसरी ८ची घालणं उत्तम, कारण प्रोसेसरला दोन दारांतून एकदम माल मिळतो. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, त्याचं चित्रही रॅममधूनच चालतं, तिथे हा फायदा डोळ्यांना दिसतो. ८ आणि ४ अशी विषम जोडीही चालते, फायदा थोडा कमी.

पट्टी बसवताना जवळ उभं राहून बघावं असं काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. मागचे स्क्रू सैल करून झाकण प्लास्टिकच्या पातळ पातीनं कडेकडेनं उचलायचं. आत गेल्या गेल्या पहिलं काम बॅटरीची वायर मोकळी करणं. मग एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. आपल्या कोरड्या हवेत हे विसरू नये. स्लॉटच्या दोन बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढल्या की जुनी पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी पट्टी त्याच तिरक्या कोनात, कडेला धरून, सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत आत सरकवायची आणि मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही चिमट्यांचा ‘टक’ आवाज एकदम आला पाहिजे. पहिल्यांदा सुरू होताना काही मशिन, विशेषतः डीडीआर५ची, मिनिटभर काळा पडदा दाखवतात, नवी रॅम जोखत असतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

‘उघडला की वॉरंटी गेली’ असं सरसकट नसतं. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या तर मेमरी बदलायच्या पायऱ्या आपल्या पुस्तिकांमध्ये स्वतःच छापतात. उघडताना काही मोडलं, तर ते मात्र आपल्या माथी. तुमच्या मॉडेलचा नियम सेवा केंद्राकडून लेखी मागा, आणि पट्टीचीही वॉरंटी वेगळी असते, ती विचारा.

बिल पक्कं घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल दिला, तर पुढं वॉरंटीचा दावा करताना हातात काही उरत नाही. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही असू द्या. तक्रार झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे, नागपूरला जावं लागत नाही. आणि दुकान सोडण्याआधी टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान उघडून, किती जीबी, कोणता वेग, किती स्लॉट, या तीन ओळी दिसतील असा मोबाइलवर एक फोटो काढा. बिलाच्या फोटोशेजारीच तो ठेवून द्या.