चुंबक आणि बाँड

आपल्याकडच्या कित्येक खासगी रुग्णालयांत नवी सिस्टर रुजू झाली की आधी ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर तिची सही घ्यायची पद्धत होती. काही ठिकाणी तर तिची मूळ प्रमाणपत्रंही ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद व्हायची. 2011च्या सुमारास मुंबई, दिल्ली, केरळातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यामागे हा बाँड एक मोठं कारण होतं. व्यवस्थापनाचं म्हणणं साधं : आम्ही शिकवायचं, आणि शिकून झालं की या मुली आखाताचं विमान पकडणार!

परिचारिकांचा तुटवडा 1980च्या आसपास अमेरिकेलाही भेडसावत होता. तिथल्या ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ नर्सिंग’ने मात्र प्रश्न उलटा केला. परिचारिका सोडून का जातात हे नको. काही रुग्णालयांत त्या टिकतात, ते का, हे सांगा. देशभरातून 165 रुग्णालयांची नावं आली, त्यांतली 41 निवडली गेली. परिचारिकांना ओढून घेणारी आणि धरून ठेवणारी, म्हणून ‘मॅग्नेट हॉस्पिटल’. 1983 साली अहवाल प्रसिद्ध झाला. पुरेसं मनुष्यबळ, ड्यूटीच्या वेळांत लवचीकपणा, निर्णयात परिचारिकांचा शब्द या गोष्टी त्यात होत्याच. पण नवख्यांची नीट घडवणूक आणि कामावर असतानाचं सततचं शिक्षण हेही ठळकपणे होतं.

हे शिक्षण इतकं का महत्त्वाचं, याचं उत्तर नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी 1974मध्येच देऊन ठेवलं होतं. त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘रिअ‍ॅलिटी शॉक’. कॉलेजात एकेका रुग्णाची शुश्रूषा मन लावून शिकलेली मुलगी वॉर्डात येते, तर समोर भरलेल्या खाटा, वाजणारे मॉनिटर, चिडलेले नातेवाईक. पुस्तकातलं नर्सिंग आणि इथलं नर्सिंग यांचा मेळच बसत नाही. पहिले नव्या नवलाईचे दिवस सरले की तिला वाटू लागतं, हे आपल्याला जमणारं नाही. नोकरी सोडण्याचा विचार तिथे रुजतो. पगार हे कारण खोटं नाही, पण पगाराचा आकडा तिला रुजू होतानाही ठाऊक होताच की.

नर्सिंगच्याच आणखी एक अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984मध्ये पुढचा धागा पकडला. वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे तरबेज होतात याचा अभ्यासक ड्रायफस बंधूंनी मांडलेला आराखडा त्यांनी परिचारिकांना लावून पाहिला. नवशिकीपासून निष्णातापर्यंत पाच पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे कामाचा अंदाज येऊन आपलं आपण नियोजन करता येण्यापर्यंत पोहोचायला, एकाच प्रकारच्या वॉर्डात साधारण दोन-तीन वर्षं लागतात. आता आपला बाँड आठवा. वर्ष-दोन वर्षांनी तो संपायचा, म्हणजे सिस्टरचा हात बसू लागायचा त्याच सुमारास दार उघडायचं. इतका आतबट्ट्याचा व्यवहार किराणा दुकानदारही करणार नाही.

शनिवारी दुपारी प्रोजेक्टरवर चार स्लाइड दाखवल्या, हजेरीपटावर सह्या घेतल्या, झालं प्रशिक्षण, असं समजणाऱ्यांसाठी ही घडवणूक नाही. नव्या मुलीसोबत पहिले काही महिने एक जुनी, जाणती सिस्टर हवी आणि त्या सिस्टरच्या वाट्याचे रुग्ण तेवढे कमी करायला हवेत. खर्च नेमका इथे येतो, आणि कात्रीही आधी इथेच लागते.

शिकलेली परिचारिका उडून जाते, ही भीती मला अगदीच निराधार वाटत नाही. कुठल्याही आयसीयूचा अनुभव परदेशात चालतो. पण न शिकवल्यामुळे ती थांबते, असं मात्र कुठे दिसलेलं नाही. आणि थांबलीच, तर तिच्या वॉर्डातल्या खाटेवर आपण असू नये, एवढीच प्रार्थना. नर्सिंग-संशोधक लिंडा एकन यांनी 1994मध्ये 39 मॅग्नेट रुग्णालयांची 195 तुल्यबळ रुग्णालयांशी तुलना केली, तेव्हा मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांमधला मृत्युदर मॅग्नेट रुग्णालयांत 4.6 टक्क्यांनी कमी आढळला.

‘मॅग्नेट’ हे नुसतं बिरुद न राहता पुढे रीतसर दर्जा झाला, आणि त्याच वर्षी, 1994मध्ये, सिअ‍ॅटलच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटर’ला मॅग्नेटचा पहिला अधिकृत दर्जा मिळाला. हा दर्जा चार वर्षांपुरताच असतो. मुदत संपली की रुग्णालयाला पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.