डक्टवरील खुणा : तपासणीच्या दिवशीही वाचता येणारे लेबल

रुग्णालयातील फॉल्स सीलिंगची एखादी टाइल काढून वर पाहिले, तर एकाच चंदेरी वेष्टनातले चार-पाच डक्ट शेजारी शेजारी गेलेले दिसतात. त्यांपैकी एक शस्त्रक्रियागृहाला गाळलेली हवा पुरवतो, दुसरा स्वच्छतागृहातली हवा बाहेर टाकतो आणि तिसरा क्षयरोग्यांच्या विलगीकरण कक्षातली हवा ओढून गच्चीवर नेतो. या तिसऱ्या डक्टचे ॲक्सेस डोअर योग्य मास्क न लावता उघडणे धोक्याचे आहे. पण शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला हे कळणार कसे? नकाशा खाली कार्यालयात असतो आणि तो अद्ययावत असेलच असे नाही. म्हणून माहिती डक्टवरच लिहावी लागते.

लेबलवर हवेचा प्रकार, प्रवाहाची दिशा, डक्ट कोणत्या एएचयूला किंवा पंख्याला जोडला आहे आणि कोणत्या कक्षासाठी आहे, एवढे तरी असावे. उदाहरणार्थ, ‘निष्कास हवा – विलगीकरण कक्ष २०४ ते गच्ची, पंखा ३’ आणि सोबत बाण. नुसते ‘निष्कास’ लिहिलेले लेबल तपासनिसाला जवळजवळ निरुपयोगी असते. ब्रिटनमधील डीडब्ल्यू/१४४ या डक्टविषयक विनिर्देशात यासाठी त्रिकोणाची खूण सुचवली आहे. त्रिकोणाचे टोक प्रवाहाची दिशा दाखवते, तर ताज्या हवेला हिरवा, निष्कास हवेला करडा आणि दूषित हवेला तपकिरी रंग वापरतात. आपल्याकडील आयएस २३७९ हे रंगसंकेताचे मानक मुळात नळमार्गांसाठी आहे. त्यामुळे डक्टसाठी जो संकेत ठरवला असेल, त्याचा तक्ता प्लांट रूमच्या भिंतीवर लावून ठेवावा. देखभाल करणारे कामगार अनेकदा परराज्यांतले असतात. अक्षरे वाचता आली नाहीत तरी रंग, बाण आणि आकडा त्यांना कळतो.

लेबल जिथे काम करायचे तिथे हवे : ॲक्सेस डोअरजवळ, प्रत्येक फाट्यावर, भिंतीच्या दोन्ही बाजूंना आणि फायर डॅम्परपाशी. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल मेकॅनिकल कोडमध्ये फायर डॅम्परच्या ॲक्सेसवर बाहेरून कायमस्वरूपी लेबल मागितले आहे आणि अक्षरांची उंची किमान १२.७ मिमी सांगितली आहे. हे माप हाताच्या अंतरावरून वाचण्यासाठी पुरेसे आहे. जमिनीवरून वर पाहून डक्ट ओळखायचा असेल, तर अक्षरे बरीच मोठी हवीत.

आता टिकाऊपणाकडे वळू. लेबल निघाले की दोष लेबलला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक त्याखालच्या पृष्ठभागाची असते. नव्या जीआय पत्र्यावर अनेकदा तेलाचा किंवा क्रोमेटचा पातळ थर असतो. त्यावर चिकटवलेले लेबल पत्र्याला न चिकटता त्या थराला चिकटते. म्हणून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. थंड हवेच्या डक्टचा पृष्ठभाग दवबिंदूखाली गेला, तर त्यावर पाणी साचते. अशा वेळी यंत्रणा बंद ठेवून लेबल लावावे, सगळीकडून घट्ट दाबावे आणि पकड पूर्ण येण्यासाठी एक-दोन दिवस द्यावेत.

रंगाने लिहायचे असेल, तर आणखी एक अडचण येते. साधा अल्किड एनॅमल थेट जस्तावर लावला की जस्ताच्या अल्कधर्मी संयुगांमुळे त्यातील तेलांशाचे साबणीकरण होते आणि काही काळाने रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आधी जस्तासाठी योग्य असलेला प्रायमर लावावा, मग स्टेन्सिलने लिहावे. साध्या मार्करची शाई गच्चीवरील उन्हात फिकी पडते. तिथे रेझिन रिबनने छापलेले पॉलिएस्टर लेबल किंवा कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी बरी. स्वयंपाकघराच्या निष्कास डक्टवर उष्णता आणि तेलकटपणा दोन्ही असल्याने तिथेही कोरलेली पट्टीच घ्यावी.

पट्टी बसवण्यासाठी डक्टला भोक पाडू नये. पंख्यापुढील डक्टमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. विलगीकरण कक्षाची हवा त्या भोकातून बाहेर झिरपेल. इन्सुलेशन असलेल्या थंड डक्टवर तर बाष्परोधक थरच फाटतो आणि आतला थर ओला होत राहतो. पट्टी फ्लँजच्या बोल्टवर अडकवावी. इन्सुलेशनवर लावलेले लेबल ते बदलताना कचऱ्यात जाते, म्हणून आच्छादन चढवण्यापूर्वी पत्र्यावरही तोच क्रमांक लिहून ठेवावा. या दोन मिनिटांच्या कामाचा कंटाळा फार केला जातो.

लेबल नसले, तर माणूस निदान थांबून चौकशी करतो. चुकीचे असले, तर तो निर्धास्तपणे दार उघडतो. साध्या वॉर्डाचे विलगीकरण कक्षात रूपांतर केले जाते, डक्टची जोडणी बदलते आणि जुने लेबल तसेच राहते. म्हणून लेबल नकाशा पाहून लावू नये. संबंधित पंखा चालू-बंद करून, जाळीपाशी धुराची नळी धरून डक्टचा माग काढावा आणि मगच लिहावे. जोडणी बदलल्यावर जुने लेबल झाकू नये, पूर्ण खरवडून काढावे. तपासणीच्या यादीतही ‘लेबल आहे’ एवढी एकच नोंद न ठेवता ‘वाचता येते’ आणि ‘प्रत्यक्ष जोडणीशी जुळते’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत.