वारं गेल्यावर पुन्हा चालायला शिकणं: मशीन घ्यावं का?

एखाद्याचा एका बाजूचा हात-पाय गेला की आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. यात वारं कुठं नसतं. डोक्यातली रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते नाहीतर फुटते, आणि मेंदूच्या तेवढ्या भागाचं नुकसान होतं. यालाच लकवा म्हणजे पक्षाघात म्हणतात. पाय जागेवरच असतो, त्याला हुकूम देणारा भाग दुखावलेला असतो. म्हणून नुसतं तेल चोळून पाय चालायला लागत नाही. कबुतराचं रक्त चोळणं तर सोडूनच द्या.

अलीकडे आमच्या गटांच्या बैठकीत ट्रेडमिलसाठी अंतर्गत कर्जाची मागणी येऊ लागली आहे. कुणाला मालकांसाठी हवं असतं, कुणाला सासूबाईंसाठी. शहरातल्या दवाखान्यात मशीनवर चालवताना पाहिलेलं असतं. त्यामागची कळकळ आम्हाला कळते. पण हप्ते त्याच बाईला फेडायचे असतात, आणि रोजावर जाणंही तिचंच बंद झालेलं असतं. तेव्हा आधी हे मशीन करतं काय, ते बघू.

ट्रेडमिल म्हणजे सरकता पट्टा. त्यावर उभं राहिलं की पाय मागं जातो आणि पुढचं पाऊल टाकावंच लागतं. मोठ्या दवाखान्यात रुग्णाच्या अंगाला पट्टे बांधून तो वरून आधारानं धरलेला असतो. त्यामुळे शरीराचं थोडं वजन वरच्या वर पेललं जातं आणि पडायची भीती कमी होते. बाजूला बसलेला फिजिओथेरपिस्ट लुळं पाऊल हातानं उचलून नीट ठेवतो. एका वेळेला शेकडो पावलं होतात. खरी गंमत इथंच आहे. मेंदूचा शाबूत भाग पुन्हा पुन्हा केल्यानं शिकतो, लहान मूल चालायला शिकतं तसा. मशीन पावलांची संख्या वाढवतं, एवढंच त्याचं काम.

मग जमिनीवर तेवढीच मेहनत घेतली तर? अमेरिकेत लकव्याच्या ४०८ रुग्णांवर हे तपासलं, त्याचा निकाल २०११ साली आला. काहींना आधार देऊन ट्रेडमिलवर चालवलं. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेला आणि ताकदीचे, तोल सांभाळायचे व्यायाम करून घेतले. वर्षभरानं सगळे मिळून शंभरातल्या ५२ जणांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं, आणि दोन्हीकडं फरक जवळजवळ नव्हता. इतर अभ्यासांतून असं दिसतं, की जो आधीच थोडंफार चालतो त्याचा वेग आणि दम ट्रेडमिलनं वाढतो. ज्याला उभंच राहता येत नाही, तो मशीनमुळे आपला आपण चालू लागेल याची खात्री नाही.

आणि घरी आणायचं साधं मशीन म्हणजे दवाखान्यातलं नव्हे. त्याला वरचा आधार नसतो. पट्टा सुरू असताना लुळा पाय अडकला तर माणूस तोंडावर पडतो. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: मशीनसाठी कर्ज काढू नका. तोच पैसा फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्यांना, गाडीभाड्याला आणि बीपीच्या गोळ्यांना लावा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी आधी करा.

"मग आम्हीच घरी करून घेतो," असं कुणी म्हणेल. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून बघितलं होतं, निकाल २०१७ साली आला. सहा महिन्यांनी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्यांचं प्रमाण त्यामुळे कमी झालेलं नव्हतं. याचा अर्थ घरच्यांची मदत वाया गेली असा नाही. पण सगळा भार घरच्या बाईवर टाकून भागत नाही. काय करायचं आणि किती, हे जाणकारानंच ठरवावं, आपण ते रोज करून घ्यावं.

करून घेताना काही गोष्टी सांभाळा. लुळ्या बाजूला, किंचित मागं उभ्या राहा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. काठी चांगल्या हातात द्या. ओल्या सारवणावर किंवा घसरत्या सपातांवर चालवू नका. बाज खाली झुकते, म्हणून उठ-बस पक्क्या खुर्चीवरून घ्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली की लगेच थांबून बसवा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड पुन्हा वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली तर वाट न बघता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो.

सुधारणा होते का, हे मोजायला मशीन लागत नाही. अंगणात टेपनं १० मीटर मोजून दोन खुणा करा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा. बचतीचा हिशोब लिहितो तसं तारीख घालून वहीत लिहा. कुणाचा आधार लागला, काठी होती का, तेही लिहा. पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडं जाताना ती वही सोबत न्या.