टॅबवरची वही निवडताना

नागपूरची ‘महाज्योती’ संस्था जेईई, नीटची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त मुलांना मोफत टॅब देते. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी किंवा झरी जामणीच्या मुलीच्या हाती तो आला, की प्रश्न पडतो वहीचा, म्हणजे नोंदी घ्यायच्या ॲपचा. गावात रेंज जात-येत असते, म्हणून आधी नेट बंद करून ॲपमध्ये लिहून बघा. नोंद पुन्हा उघडली तरच ते कामाचं. वननोट हे ॲप फुकट आहे, त्यात सूत्रं, आकृत्या हाताने काढता येतात आणि रेंज आली की नोंदी खात्यात जमा होतात. पेन साधं रबरी टोकाचं असेल, तर तळहात टेकताच रेघोट्या उमटतात. अशा वेळी मजकूर टाइप करावा, आकृत्या तेवढ्या हाताने. वेळापत्रकाला गूगल कॅलेंडर पुरे. नोंदींची पीडीएफ काढता येत नसेल, तर ॲप कितीही देखणं असो, घेऊच नये.