स्वयंपाकघरातील गॅस : त्याचा वास आणि त्याची ज्योत

उजनीचे पाणी भिगवणच्या उशाशी आले आणि त्याबरोबर मासळीचा बाजारही भरभराटीस आला. त्यामुळे नाकाला काही जाणवले की ‘असेल मासळीचा वास’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या घरीही एकदा असेच झाले. दोन दिवस मोरीला दोष दिला, मांजराला दिला. अखेर शेगडीच्या रबरी नळीला साबणाचे पाणी लावले, तेव्हा टोकाशी बारीक बुडबुडे उठू लागले. नळीला चीर गेली होती. नाकाने दोन दिवस हाक मारली, ती आम्ही ऐकली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. १४.२ किलोंच्या सिलिंडरात तो दाबाखाली द्रवरूपाने असतो. बाहेर पडताच वायू होऊन सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो एथिल मर्कॅप्टन या मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा. ही युक्ती जगाने मोठी किंमत देऊन स्वीकारली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर तेथे वायूला वास देण्याचा कायदा झाला.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून वास येताच विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. पंखाही नको. शेगडी व देवापुढचा दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलामाणसांना बाहेर न्यावे आणि घराबाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधण्यास साबणाचे पाणी वापरावे; काडी ओढून पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रण. सिलिंडर संपत आला की वास उग्र होतो, कारण ते द्रव्य तळाशी मागे राहते. तरीही तपासणी चुकवू नये.

आता ज्योतीकडे वळू. बर्नरमध्ये गॅस बारीक जेटमधून वेगाने निघतो आणि वाटेत हवा ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी व स्थिर राहते. ती पिवळी होऊन पातेल्याचे बूड काळे करू लागली, तर हवा कमी पडते असे समजावे. बहुधा उतू गेलेल्या दुधाने किंवा वरणाने छिद्रे बुजलेली असतात. बर्नर थंड झाल्यावर काढून ब्रशने घासावा व पूर्ण वाळवून नीट बसवावा. जेटमध्ये मात्र सुई खुपसू नये. भोक रुंदावले की बिघाड वाढतो. ते काम जाणत्या कारागिराचे. ज्योत बर्नरपासून सुटून वर उडत असेल, तर हवा किंवा दाब जास्त आहे. फट् आवाज करून ती आत शिरली, तर ताबडतोब बंद करावे. बर्नर तिरका बसला असेल किंवा गॅस कमी येत असेल.

नानकटाईसाठी घरी गॅसची भट्टी असेल, तर ती बंद पेटीच आहे हे ध्यानात असावे. दार उघडे ठेवूनच पेटवावी. पेटली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे, मगच पुन्हा काडी लावावी.

पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, आणि त्याला वास नाही. तेथे नाक हरते; डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणून रोज चहाचे आधण ठेवताना ज्योतीचा रंग पाहावा आणि रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. दोन्ही मिळून अर्धे मिनिटही लागत नाही.